जबड्याच्या हाडाचा कॅन्सर: हलणाऱ्या दाढेपासून उपचारांपर्यंतची वाट, पायरीपायरीने

आपल्या सांगली-सातारा भागात जबड्याच्या हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा दाताचं दुखणं म्हणून घरात येतो. दाढ हलते, हिरडी सुजते, वर्षानुवर्षं व्यवस्थित बसणारी कवळी अचानक टोचायला लागते. माणूस लवंग धरतो, मेडिकलमधून गोळ्या आणतो, शेवटी दाढ काढून घेतो. ती जखम भरत नाही, म्हणून पुन्हा गोळ्या. असे दोन-तीन महिने सहज जातात. तासगाव भागात दातांचा दवाखाना चालवताना मला हे वारंवार दिसतं: रुग्ण कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा बराचसा मोलाचा वेळ गेलेला असतो. ऑपरेशनचं तंत्र खूप पुढे गेलंय, पायाच्या हाडातून नवा जबडा घडवता येतो, पण हे सुरुवातीचे आठवडे अजूनही तसेच वाया जातात. म्हणून या लेखात मी रोगाच्या माहितीइतकाच भर वेळेवर देणार आहे. कुठे चार दिवस थांबलं तरी चालतं आणि कुठे एक आठवडाही थांबायचं नाही, हे घरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

हाडात नेमकं काय होतं

"जबड्याचा कॅन्सर" हे नाव एक असलं, तरी त्यामागे वेगवेगळे आजार असतात. उपचार त्यावरच ठरतात, म्हणून हा फरक आधी समजून घेऊ.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो तोंडाच्या आतल्या त्वचेचा कॅन्सर. तो हिरडीवर किंवा गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत सुरू होतो आणि मग खालच्या हाडात शिरतो. तंबाखूचा बार किंवा मावा आपण तासन्‌तास धरतो ती हीच खाच. तिथून हाड काही मिलिमीटरवर असतं. दात असतील तर रोग दाताच्या मुळाशेजारच्या फटीतून आत उतरतो. दात पडलेले असतील तर हिरडीखालच्या हाडाची वरची कड पोखरत जातो. एकदा आत पोचला की जबड्याच्या पोकळीतून जाणाऱ्या नसेच्या कडेने पुढे सरकू शकतो.

दुसरा प्रकार हाडातच जन्मणारा, त्याला सार्कोमा म्हणतात. त्यातला ऑस्टिओसार्कोमा हा सर्वांत जास्त आढळणारा. हातापायाच्या लांब हाडांत तो किशोरवयात येतो. जबड्यात मात्र बहुधा तिशी-चाळिशीत. त्याचा तंबाखूशी संबंध नसतो. त्यामुळे "याला तर काहीच व्यसन नाही, याला कसा होईल" या भरवशावर तरुण माणसाच्या जबड्याची सूज दुर्लक्षित राहते. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण लक्षात ठेवायलाच हवा.

तिसरा गट कॅन्सर नसलेल्या, तरी हाड खाणाऱ्या गाठींचा. अमेलोब्लास्टोमा त्यातला प्रमुख. दात ज्या पेशींपासून बनतात त्यांच्यातून तो उगवतो, खालच्या जबड्याच्या मागच्या भागात वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि दुखत नाही. रिपोर्टवर "कॅन्सर नाही" वाचून घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि डॉक्टर हाडाचा तुकडा काढायला सांगतात तेव्हा त्यांना वाटतं फसवणूक चालली आहे. तसं नसतं. ही गाठ नुसती खरवडून काढली तर ती परत येण्याचा धोका मोठा असतो, म्हणून आजूबाजूचं थोडं निरोगी हाडही घ्यावं लागतं.

याशिवाय रक्ताच्या पेशींचा मायलोमा जबड्यात दिसू शकतो, आणि स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट यांचा कॅन्सर पसरून जबड्यात येऊ शकतो. आधी दुसऱ्या कॅन्सरचा इतिहास असेल तर तो दाताच्या डॉक्टरला सांगितलाच पाहिजे.

पहिली पायरी: घरी तोंड पाहणं

सकाळी अंगणात, चांगल्या उजेडात, आरसा घेऊन बसा. कवळी असेल तर काढा, हात धुवा, चूळ भरा.

आधी बाहेरून चेहरा पाहा. दोन्ही बाजूंचा जबडा सारखा दिसतो का? खालच्या कडेवरून दोन्ही हातांची बोटं कानापासून हनुवटीपर्यंत फिरवा. एका बाजूला टेंगूळ लागतं का, तेवढं बघायचं. मग जबड्याखाली आणि मानेच्या बाजूला गाठ चाचपा.

आता आत. गाल बोटाने बाहेर ओढून गाल आणि हिरडीमधली खाच शेवटच्या दाढेपर्यंत पाहा. जीभ बाजूला ओढून तिच्या कडा आणि खालचा भाग, मग टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरलेला व्रण, हिरडीवर फुलकोबीसारखं उगवलेलं मांस, सहज रक्त येणं, यांपैकी काही दिसतं का?

तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, ते पाहा. दोनच जात असतील तर तोंड आवळलंय. सुपारी आणि मावा खाणाऱ्यांत हे फार दिसतं. आतली त्वचा दोरीसारखी ताठ होते. या ताठरपणाचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं. दुसरी अडचण अशी, की तोंडच उघडत नसल्यामुळे मागच्या दाढेजवळचा व्रण कुणाला दिसतच नाही.

शेवटची तपासणी बहुतेकांना माहीत नसते. कापसाचा बोळा खालच्या ओठावर आणि हनुवटीवर दोन्ही बाजूंनी फिरवा. एका बाजूला स्पर्श कमी कळतो का? खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडाच्या आतून जाते आणि हनुवटीजवळ बाहेर पडते. हाडात काही वाढत असेल तर ती दाबली जाते. चहा पिताना एका बाजूने ओघळतो आणि कळत नाही, दाढी करताना ब्लेड लागलेलं समजत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. दाताचं इंजेक्शन किंवा अलीकडे दाढ काढलेली नसताना ओठ बधिर झाला, तर पंधरा दिवसही थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

वरच्या जबड्याची लक्षणं वेगळी असतात, कारण तिथे हाडामागे पोकळी आहे आणि रोगाला वाढायला जागा मिळते. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा घाण येणं, एकच नाकपुडी बंद राहणं, गालाची सूज, डोळ्याखाली बधिरपणा, वरच्या दाढा हलणं. लोक सर्दी आणि सायनस समजून औषधं घेत राहतात.

दुसरी पायरी: किती दिवस थांबायचं

तोंडातला साधा व्रण, दात लागून झालेली जखम किंवा कवळीची टोच ही कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत भरते. तीन आठवड्यांनंतरही भरली नाही तर ती साधी मानायची नाही. दाढ काढल्यानंतरच्या खड्ड्यालाही हाच नियम. दुखणं पहिल्या आठवड्यात कमी होत जायला हवं. तीन आठवड्यांनी खड्ड्यातून मांस वर येत असेल, रक्त येत असेल, तर "अजून पाच दिवसांच्या गोळ्या" ऐकून परत येऊ नका.

एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. हिरड्यांचा आजार सगळीकडचे दात थोडे थोडे हलवतो. बाकी तोंड ठणठणीत आणि एकाच जागचे एक-दोन दात झपाट्याने हलायला लागले, तर ते दात काढण्याआधी एक्स-रे व्हायलाच हवा. "काढून टाका डॉक्टर, कटकट मिटेल" असं आपणच म्हणतो. पण खाली गाठ असेल तर दात काढल्याने रोगाला आत जायला रस्ता मिळतो आणि निदानही लांबतं. डॉक्टर एक्स-रे सांगत नसतील तर तुम्ही मागा.

आपल्याकडे हळदीचा लेप, कात, चुना, तुरटी सर्रास लावतात. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात राहून मी हळदीला नावं ठेवणार नाही. जेवणात ती असू द्या. पण व्रणावर लेप लावल्याने वरचा थर रंगतो, कडा झाकल्या जातात आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही. झाडपाल्याचं औषध देणारे "पंधरा दिवसांत गाठ गळून पडेल" म्हणतात. ते पंधरा दिवस कुणी परत देत नाही.

तिसरी पायरी: दाताच्या डॉक्टरकडे काय मागायचं

जबड्याचा मोठा एक्स-रे असतो, त्याला ओपीजी म्हणतात. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एकाच चित्रात येतात. काही शे रुपयांत होतो. सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात सहज मिळतो. तालुक्याच्या गावांतही आता बऱ्याच ठिकाणी आहे. यात हाड पोखरलेलं, फुगलेलं किंवा दातांची मुळं झिजलेली दिसतात.

मात्र ओपीजीची मर्यादा आहे. हाडातला बराच कॅल्शियमचा अंश गेल्याशिवाय एक्स-रेवर काळा डाग उमटत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आणि व्रण मात्र कायम, असं असेल तर एक्स-रेवर समाधान मानायचं नाही.

डॉक्टरांना या गोष्टी न लाजता सांगा: तंबाखू, मावा, मिश्री, सुपारी, दारू, किती वर्षं. बायका मिश्री "व्यसन" म्हणून सांगत नाहीत, कारण ती दात घासायची वस्तू मानली जाते. आजी-मावशींना मी थेट विचारतो, दिवसातून किती वेळा लावता. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. आणि तंबाखूशिवाय नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच माणसात कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण समोर घोटून दिलेला मावा लोकांना घरगुती वाटतो.

हाडाच्या ठिसूळपणासाठी किंवा दुसऱ्या कॅन्सरसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा. त्या औषधांमुळे जबड्याचं हाड मरून उघडं पडू शकतं आणि ते दिसायला कॅन्सरसारखं असतं. मधुमेह असलेल्यांत म्युकर बुरशीही वरच्या जबड्यात असाच गोंधळ करते. २०२१ च्या कोरोना लाटेनंतर आपल्याकडे अनेकांना त्यापायी वरचा जबडा गमवावा लागला. जुनाट पू आणि क्वचित क्षयसुद्धा हाड खातो. या सगळ्यांतून खरं कारण वेगळं काढायला तपासणी एकच आहे.

चौथी पायरी: तुकडा काढून तपासणं

बायोप्सी. इथे सगळ्यात जास्त माणसं मागे फिरतात, म्हणून इथे मी थोडा जास्त वेळ थांबतो.

"हत्यार लागलं की रोग चवताळतो, पसरतो" ही समजूत आपल्या भागात घट्ट आहे. ती कुठून आली हेही समजण्यासारखं आहे. लोक इतक्या उशिरा बायोप्सी करतात की त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत रोग वाढलेला दिसतो, आणि दोष हत्याराला जातो. तोंडातल्या व्रणाचा तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा घेऊन उपचाराविना घरी बसल्याने मात्र तो वाढतो. बायोप्सीचा रिपोर्ट आला की पुढची तारीख लगेच ठरली पाहिजे.

व्रण बाहेर दिसत असेल तर जागा बधिर करून कडेचा छोटा तुकडा घेतात; दहा-पंधरा मिनिटांचं काम. गाठ हाडाच्या आत असेल तर हाडात खिडकी करून किंवा जाड सुईने नमुना घ्यावा लागतो. हे काम शक्यतो जिथे पुढचं ऑपरेशन होणार आहे तिथेच करावं, कारण हाडाच्या सार्कोमात बायोप्सीची वाट नंतर ऑपरेशनमध्ये काढायची असते. म्हणून हाडाच्या आतली गाठ गावात कुठेतरी "फोडून" घेऊ नका. मानेतली गाठ असेल तर बारीक सुईने तिच्यातल्या पेशी ओढून तपासतात.

रिपोर्ट साधारण आठवडाभरात येतो; हाडाचा नमुना असेल तर जास्त दिवस लागतात, कारण हाड आधी आम्लात मऊ करावं लागतं. रिपोर्टबरोबर मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. ब्लॉक आणि स्लाइड म्हटलं की लॅबवाले देतात. दुसऱ्या हॉस्पिटलला गेलात तर त्यावरूनच फेरतपासणी होते, पुन्हा तुकडा द्यावा लागत नाही. तरुण माणसाच्या हाडाच्या गाठीत ही फेरतपासणी आग्रहाने करून घ्यावी. हे निदान अनुभवी डोळ्यांनाही अवघड जातं.

रिपोर्ट "कॅन्सर नाही" आला आणि व्रण मात्र वाढतोय, तर पुन्हा बायोप्सी मागा. वरवरचा किंवा कुजलेल्या भागाचा तुकडा आला तर असं होतं.

पाचवी पायरी: स्टेज, आणि "चौथी" ऐकल्यावर काय करायचं

निदान झाल्यावर चेहरा आणि मानेचा सीटी स्कॅन होतो. हाड किती गेलंय ते त्यात नीट दिसतं. हाडाच्या पोकळीत, नसेभोवती, स्नायूंत किती पसरलंय त्यासाठी एमआरआय. छातीचा सीटी फुप्फुसांसाठी. सार्कोमात तो टाळताच येत नाही. प्रत्येकाला पेट स्कॅन, म्हणजे रोग कुठे पसरलाय ते पाहणारा पूर्ण शरीराचा स्कॅन, लागतोच असं नाही.

आता महत्त्वाचं. तोंडाचा कॅन्सर जबड्याच्या हाडाचा कठीण बाहेरचा थर फोडून आत गेला, की नियमानुसार तो थेट चौथ्या स्टेजमध्ये मोजला जातो, गाठ आकाराने लहान असली तरी. पण या चौथ्या स्टेजचे तीन भाग आहेत. हाडात गेलेला पण काढता येण्यासारखा रोग पहिल्या भागात येतो, आणि त्यावर बरं करण्याच्या उद्देशानेच ऑपरेशन होतं. फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात गेलेला रोग शेवटच्या भागात. "चौथी स्टेज आहे, आता घरी न्या" असं पाहुण्यांनी म्हटलं म्हणून ऑपरेशन होऊ शकणारा माणूस घरी आणला जातो. ते ऐकायचं नाही. डॉक्टरांना हा प्रश्न विचारा: "चौथीतला अ, ब की क? आणि उपचार बरं करायला आहेत की त्रास कमी करायला?" उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत विचारा.

सहावी पायरी: कुठे जायचं, पैसे कसे उभे करायचे

पहिल्या तपासणीसाठी मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल, सांगलीतलं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय हे जवळचे दरवाजे. सातारा जिल्ह्यातून कराडचं कृष्णा हॉस्पिटल. त्याच संस्थेचं दंत महाविद्यालयही तिथे आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी मिरजेत श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि आपल्या भागातून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसून सकाळी उतरता येतं.

टाटालाच जायचं की इथेच, हा प्रश्न रोज येतो. माझं मत असं: हिरडीतून हाडात गेलेल्या नेहमीच्या कॅन्सरसाठी, जिथे डोके-मानेच्या कॅन्सरचा सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि किरणोपचार एकत्र मिळतात असं जवळचं ठिकाण चांगलं. पुढे दीड महिना रोज लाईट, म्हणजे किरणोपचार, घ्यायची असते. जतहून किंवा माणमधून मुंबईत कुणाला ठेवायचं? हाडाचा सार्कोमा, वरच्या जबड्यातून डोळ्याकडे गेलेला रोग किंवा परत उद्भवलेला रोग असेल तर मोठ्या केंद्रावर एकदा तरी मत घ्यावं. मोठ्या केंद्राने आखून दिलेले उपचार जवळ घेता येतात. दोन मतं घ्या, पण चौथ्या-पाचव्या मतासाठी महिना घालवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि किरणोपचार येतात. दाखल होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडतं, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहत असतानाच तहसीलमध्ये ते काम उरका. ऑपरेशन आधी आणि योजनेचा अर्ज नंतर, असं केलं की मंजुरी मिळत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत असते. त्याचा दाखला हॉस्पिटल देतं.

सातवी पायरी: ऑपरेशन समजून घेणं

रोग हाडाला नुसता चिकटलेला किंवा वरवर शिरलेला असेल तर जबड्याची वरची कड काढतात आणि खालची कड शाबूत राहते. चेहऱ्याचा आकार बदलत नाही. रोग पोकळीत उतरला असेल तर जबड्याचा तेवढा अख्खा तुकडा जातो. याबरोबर मानेतल्या लसिका ग्रंथींचा, म्हणजे रोग आधी जिथे पसरतो त्या गाठींचा, थरही काढतात. "मानेत तर हाताला काही लागत नाही, मग मान कशाला कापायची?" असं घरचे विचारतात. टाटा हॉस्पिटलचा या विषयावरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेत काही लागत नसलेल्या, सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मान आधीच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, आणि गाठ आल्यावर मान केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. सुरुवातीच्या रोगात हा फरक असेल, तर हाडात गेलेल्या रोगात मानेचं ऑपरेशन कशासाठी, हे वेगळं सांगायला नको.

मग जागा भरायची. चांगला पर्याय म्हणजे पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला. ते त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या आकारात कापून प्लेटने बसवतात आणि मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. आठ-दहा तासांचं ऑपरेशन. शेतकरी माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पायाचं हाड काढलं तर सरीतून चालणार कसा?" शरीराचा भार नडगीच्या जाड हाडावर असतो, बारीक हाडाचा घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग ठेवूनच मधला काढतात. बहुतेक जण काही आठवड्यांत नीट चालायला लागतात. या हाडात पुढे दातही बसवता येतात.

वय, हृदयाचा त्रास, पायातल्या वाहिन्या खराब असणं किंवा सोयीचा अभाव यामुळे हे शक्य नसेल तर छातीचा स्नायू आणि कातडी वर फिरवून जागा भरतात. ते ऑपरेशन लहान आणि भरवशाचं, पण हाड नसल्यामुळे उरलेला जबडा एका बाजूला सरकतो. वरच्या जबड्यात टाळूला भोक पडलं तर प्लेट बसवतात, तिच्यामुळे बोलणं नाकातून जात नाही आणि पाणी नाकात चढत नाही. त्यासाठी दातांचं माप ऑपरेशनच्या आधीच घ्यावं लागतं.

सर्जनना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. हाड किती जाणार? नवं हाड बसवणार का, नसेल तर का नाही? गळ्यात श्वासाची नळी किती दिवस? जेवणासाठी नाकातली नळी किती दिवस? ऑपरेशननंतर लाईट लागेल असं आत्ता वाटतं का?

श्वासाची नळी असेपर्यंत रुग्ण बोलू शकत नाही. पाटी-पेन्सिल आधीच द्या. लिहिता न येणाऱ्या आबा-आजींसाठी पाणी, दुखतंय, लघवी, खोकला अशा खुणा आदल्या दिवशीच ठरवून घ्या. ही छोटी तयारी न केल्याने माणसं आयसीयूत घाबरून जातात.

हाडाच्या सार्कोमात संपूर्ण गाठ भरपूर निरोगी कडांसह काढणं हाच मुख्य उपचार. केमो आधी किंवा नंतर, प्रकारानुसार ठरते.

आठवी पायरी: लाईट आणि केमो

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरतं. हाडात रोग गेलेला असेल तर किरणोपचार बहुधा लागतातच. ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत. आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे. कडेला रोग राहिला असेल किंवा मानेच्या गाठीचं आवरण फुटलेलं असेल तर त्याबरोबर सिस्प्लॅटिनची केमो देतात.

खराब दात लाईट सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच काढून जखमा भरू द्याव्या लागतात. शक्यतो हे ऑपरेशनच्या वेळीच उरकून घ्या.

सुरू झालेली लाईट मध्ये तोडायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही, आणि माणूस म्हणतो, "जरा आठ दिवस घरी जाऊन येतो." मध्ये खंड पडला की उपचाराचा गुण कमी होतो. ऊसतोड, द्राक्षांची छाटणी, घरातलं लग्न, सगळं त्या सहा आठवड्यांभोवती आधीच बसवा. रोजचा एसटीचा प्रवास जमत नसेल तर हॉस्पिटलजवळ खोली घ्या. दर दोन-तीन तासांनी चूळ भरा: एक लीटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. बाजारातली झोंबणारी माउथवॉश नको.

नववी पायरी: घरचं जेवण, जबडा आणि खांदा

नाकातल्या नळीतून अन्न देताना रुग्णाला उठवून बसवा, त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. दिलेलं सगळं गाळून, आणि शेवटी साधं पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, दूध, ताक, पातळ केलेली डाळ, बारीक वाटलेलं उकडलेलं अंडं. नुसत्या पेजेवर माणूस खंगतो. जखम भरायला प्रथिनं लागतात. दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. वजन झपाट्याने घसरत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

तोंडाने सुरू झाल्यावर दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, लोणी. आपल्या भागाचं तिखट काही महिने विसरायचं.

सर्जननी परवानगी दिली की जबड्याचा व्यायाम रोज. दातांमध्ये आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून, दर काही दिवसांनी एक वाढवायची. हे दुखतं, कंटाळवाणं आहे, आणि लाईटनंतर वर्षभर सोडायचं नाही. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा जड होतो, हात वर जात नाही. त्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून पहिल्याच आठवड्यांत शिकून घ्या.

आणि तंबाखू. ऑपरेशननंतरही मिश्री-मावा सुरू राहिला तर रोग परतण्याचा किंवा तोंडात दुसऱ्या जागी नवा कॅन्सर उगवण्याचा धोका वाढतो. सोडताना तडफड होते, ती खरी आहे, तिची चेष्टा करू नका. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. रुग्णाची सुटावी असं वाटत असेल तर घरातल्या इतरांनीही डबी बाहेर काढावी, आणि त्यांनी स्वतःचं तोंडही वर सांगितल्याप्रमाणे पाहून घ्यावं.

पुढची वर्षं

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, दुसऱ्या वर्षी थोड्या अंतराने, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. परतणारा रोग बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसतो, त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून त्या दोन वर्षांत तारीख चुकवू नका. मानेला लाईट दिली असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. थकवा आणि सुस्ती वयाची समजून सोडली जाते.

लाईट मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. दहा वर्षांनीही तिथली दाढ साध्या दाढेसारखी काढली, तर जखम न भरण्याचा आणि हाड मरत जाण्याचा धोका असतो. लाळ कमी झाल्याने दात मात्र लवकर किडतात, म्हणून फ्लोराईडची पेस्ट रोज आणि दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी. नव्या दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर खुर्चीत बसण्याआधी सांगा की या बाजूला लाईट दिली आहे, आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा. दाढ दुखत असेल तर आधी रूट कॅनालने वाचते का ते विचारा. काढावीच लागत असेल, तर जिथे लाईट घेतली तिथल्या डॉक्टरांशी बोलणं झाल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.